आधी चर उपसा: मॉरिशसच्या वादळी मोसमापूर्वीचा सल्ला

ऊसतोड शेवटाकडे आली आहे, लिची लाल व्हायला लागली आहे, आणि दुकानदारांनी फवारणीच्या औषधांच्या नव्या बाटल्या फळीवर मांडल्या आहेत. त्या बाटल्यांकडे पाहण्याआधी फावडं घेऊन शेताच्या खालच्या टोकाला जा आणि चराचं तोंड पाहा. पाचट, तण, गाळ, कुणीतरी टाकलेली ठिबकची फाटकी नळी, यांतलं काहीतरी तिथे असणारच. ते आज काढा.

कोकणात हे काम मृगाआधी होतं. इथे ऋतू उलटे, म्हणून ते नोव्हेंबरात. वादळांचा मोसम नोव्हेंबरपासून मेच्या मध्यापर्यंत चालतो, खरा जोर जानेवारी-फेब्रुवारीत. डिसेंबरात सुट्ट्या आणि लग्नं असतात, तेव्हा कुणी चर उपसत नाही. अनेक वर्षांचा हा अनुभव आहे.

2024 च्या जानेवारीत बेलाल चक्रीवादळ आलं, तेव्हाची एक गोष्ट सांगतो. पश्चिमेकडे ओळखीच्या एकाचा अर्धा आर्पां (इथलं जमिनीचं माप) टोमॅटो होता. वाऱ्याने फारसं काही केलं नाही, काठ्यासुद्धा उभ्या होत्या. पण खालच्या बांधाशी पाचटाचा एक भारा चरात अडकला आणि पाणी दोन दिवस वाफ्यांत उभं राहिलं. आठवड्याभरात भर दुपारी झाडं माना टाकू लागली, पानं मात्र हिरवीच. एक खोड कापून पाण्याच्या ग्लासात धरलं, तर कापातून दुधासारखे धागे खाली उतरू लागले. हा जिवाणूजन्य मर रोग. यावर औषध नाही. तरी त्याला ‘मुळं जागी करणारं’ टॉनिक विकलं गेलं, वर प्रतिजैविकाची पुडी. दोन्ही वाया. रोग मातीत असतो आणि साचलेलं पाणी त्याला एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात नेतं. अशी झाडं मातीसकट उपटून शेताबाहेर न्या. त्या जागी पुन्हा टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा लावू नका. मका लावा.

“आमच्याकडे पाऊसच कुठे पडतो?” हे पश्चिम किनाऱ्यावर नेहमी ऐकू येतं. बेट लहान आहे, मुख्य बेट जेमतेम 1,865 चौरस किलोमीटर. पण आग्नेयेचा व्यापारी वारा मधल्या पठारावर चढतो आणि तिथेच रिकामा होतो. पठारावर वर्षाला 4,000 मिलिमीटरपर्यंत पाऊस, पलीकडे पश्चिमेला हजाराच्याही आत. म्हणून पश्चिमेच्या काळ्या नदीच्या (ब्लॅक रिव्हर) बाजूचे लोक चर बुजवून दोन ओळी जास्त लावतात. पण वर पडलेलं पाणी वर राहत नाही. शिवाय वादळाचा पाऊस पठार-किनारा असा भेद करत नाही. 30 मार्च 2013 ला राजधानी पोर्ट लुईमध्ये दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला आणि 11 माणसं गेली. तेव्हा चक्रीवादळही नव्हतं.

हिशेब करून पाहा. आर्पां म्हणजे साधारण 4,220 चौरस मीटर, एकराहून किंचित मोठा. त्यावर 100 मिलिमीटर पाऊस म्हणजे सव्वाचार लाख लिटर पाणी. ते कुठून जाणार हे तुम्ही ठरवलं नाही, तर पाणीच ठरवतं.

दगड काढून यंत्राने सपाट केलेल्या जमिनीत धोका जास्त. जुन्या शेतांत दगडांच्या राशी असायच्या, त्यांच्या कडेने पाण्याच्या वाटा असायच्या. राशी गेल्या तशा वाटाही बुजल्या. (आपली दख्खनची काळी फत्तरं आणि हे बेट, दोन्ही पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त ठिपक्यातून आलेली, कोट्यवधी वर्षांच्या अंतराने. माती ओळखीची वाटते ती काही उगाच नाही.)

चर असा हवा: फूट-दीड फूट खोल, उताराला आडवा पण हलका कल दिलेला. सरळ उताराने काढलात तर माती धुऊन नेईल. भाजीचे वाफे वीतभर तरी उंच. पश्चिमेला उसात पाचटाचं आच्छादन ठेवाच, फक्त चरापासून दोन पावलं मागे. ऊस वाऱ्याने आडवा झाला तरी पुन्हा डोकं वर काढतो, पण पाणी धरलेल्या जागी खोडवा (तोडलेल्या उसाला पुन्हा फुटणारं पीक) विरळ होतो.

बाकीची कामं:

- लिचीची काढणी उरका, लगेच सुक्या फांद्या काढा.
- केळीला टेकू द्या; इशारा आल्यावर पानं अर्धी कापा.
- शेडनेट आणि हरितगृहाचं प्लास्टिक वेळेत उतरवा.
- तयार भाजी आधीच काढा.
- मुळा, कोथिंबीर, पालेभाज्यांचं बी कोरड्या डब्यात ठेवा; वादळानंतर बाजारात तेच आधी विकलं जातं.
- पंप उंचावर हलवा.

वादळाचे इशारे चार वर्गांचे. चौथा म्हणजे ताशी 120 किलोमीटरचे झोत सुरू झालेले. शेतातली कामं पहिल्या वर्गातच संपवा, तिसऱ्यात शेतात पाऊल नको. माझा एक अंदाज, शास्त्र म्हणून घेऊ नका: आग्नेयेचा वारा दिवसभर वाढत जाऊन मग ईशान्येकडे वळू लागला, की मोठा पाऊस अजून यायचा असतो. आणि मध्येच सगळं शांत झालं तर बाहेर पडू नका. ते वादळाचं केंद्र असतं, वारा उलट्या बाजूने परत येतो.

वादळानंतर पहिलं काम पुन्हा चरच. पाणी उतरल्यावर फवारणी. करप्यासाठी मँकोझेब 10 लिटरला 25 ग्रॅम किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड 30 ग्रॅम, लेबलवरचे काढणीपूर्वीचे दिवस पाळून. स्वस्तात हवं असेल तर 1 टक्का बोर्डो: 100 ग्रॅम मोरचूद, 100 ग्रॅम चुना, 10 लिटर पाणी, भांडी प्लास्टिकची. तयार द्रावणात विळ्याचं पातं बुडवा. तांबूस झालं तर चुना कमी पडला. ओल्या, गुदमरलेल्या मुळांना युरिया लगेच देऊ नका. वाफसा येऊ द्या, म्हणजे माती ओलसर पण मोकळी होऊ द्या, नवं पान दिसू द्या.

चर कुठे काढावा हे कळत नसेल, तर पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन शेतात जा. पाणी जिथे जिथे थांबेल तिथे काठी रोवा. दुसऱ्या दिवशी सगळ्यात खालच्या काठीपासून खणायला लागा.