क्रिप्टोत उतरायचंय? आधी हजार रुपयांची एक फेरी मारून या

जुलैत रिटर्न भरायला येणाऱ्या पोरांपैकी दोघं-तिघं हमखास विचारतात, "काका, क्रिप्टोत पैसे टाकायचे तर आधी किती शिकायला लागतं?" सांगलीत अठरा वर्षं हिशेब लिहितोय मी, क्रिप्टोमागच्या तंत्राचं, म्हणजे ब्लॉकचेनचं, गणित मलाही येत नाही. ते न कळल्यामुळे कुणाचे पैसे बुडालेले मी पाहिलेही नाहीत. बुडतात ते साध्या गोष्टींनी. म्हणून माझं उत्तर ठरलेलं: हजार रुपये आत टाक आणि बँकेत परत आणून दाखव. तोवर मोठ्या रकमेचं नाव काढायचं नाही.

एक्सचेंज म्हणजे क्रिप्टो घेण्या-विकण्याचं ॲप. ते निवडताना एफआयूकडे, म्हणजे संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेकडे, नोंदलेलं आहे का ते बघा. मार्च २०२३ पासून हा धंदा मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आलाय. नोंदणी म्हणजे हमी मात्र नव्हे. बँक बुडाली तर ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसलं काही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्सचेंजमधून सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले, तेव्हा ग्राहक नुसते स्क्रीनकडे बघत बसले होते. खरेदी सोपी आहे. अख्खा बिटकॉइन घ्यावा लागत नाही. एकाचे दहा कोटी सातोशी होतात, हवा तेवढा तुकडा घ्या.

खरी परीक्षा पुढे. घेतलेलं कॉइन एक्सचेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कॉइन आपल्याच ताब्यात ठेवणाऱ्या ॲपमध्ये, हलवून बघा. किमान रक्कम आणि फी आधीच वाचा, हजारात बसत नसेल तर दोन हजार घ्या. मग नेटवर्क, म्हणजे कॉइन ज्या वाटेने जातं ती. यूएसडीटी हे डॉलरच्या भावाला बांधलेलं कॉइन एकच, पण ट्रॉन नेटवर्कवरचा वॉलेटचा पत्ता टी अक्षराने सुरू होतो आणि इथेरियम नेटवर्कवरचा शून्य-एक्सने (0x). पाठवणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे नेटवर्क एकच हवं. पत्ता कॉपी करा, पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं बोट ठेवून ताडून बघा. चुकीच्या पत्त्यावर गेलेलं परत मागायला इथे शाखा नाही की मॅनेजर नाही.

नवं वॉलेट तयार करताना बारा किंवा चोवीस शब्द मिळतात. मोबाईल गेला तर वॉलेट त्याच शब्दांनी परत उघडतं. ते शब्द म्हणजेच पैसे. मी २०२१ मध्ये ते कालनिर्णयच्या एका पानामागे पेन्सिलने लिहिले होते. जानेवारीत नवं कालनिर्णय लागलं, जुनं रद्दीत गेलं, आणि त्याच महिन्यात माझा मोबाईल पाण्यात पडला. दोन-अडीच हजारांचे कॉइन होते. वॉलेटचा पत्ता नेटवर टाकला की अजून दिसतात, जागच्या जागी. हात लावता येत नाही. बायको म्हणते, रद्दीचे सत्तर रुपये तरी आले. शब्द वहीत लिहा, दोन ठिकाणी ठेवा, फोटो काढू नका, आणि 'सपोर्टवाला' मागेल त्याला तर अजिबात देऊ नका.

आता परतीची वाट, आणि माझा प्रांत. विकताना एक टक्का टीडीएस कापला जातो, १ जुलै २०२२ पासून. पन्नास हजार रुपये घेऊन-विकून वीस वेळा फिरवले तर नऊ हजारांच्या वर नुसते टीडीएसमध्ये अडकतात. करात ते वळते होतात, पण रिटर्न भरल्यावर. नफ्यावर कर तीस टक्के, वर चार टक्के सेस. आणि पोरांना न पटणारी गोष्ट ही: एका कॉइनवर दहा हजार कमावले, दुसऱ्यावर आठ हजार घालवले, तरी कर दहा हजारांवरच लागतो. ३,१२० रुपये. हातात खरा नफा दोन हजार, म्हणजे खिशातून ११२० गेले. तोटा पुढच्या वर्षीही नेता येत नाही. हे मी कागदावर मांडून दाखवतो, तेव्हा निम्मे जण चहा न घेताच उठतात.

कुठलं ॲप 'पैसे काढायचे असतील तर आधी टॅक्स भरा' म्हणालं की समजा, पैसे गेले. टीडीएस कापून घेतात, मागत नाहीत. बाकीचा कर आपण सरकारी पोर्टलवर भरतो. टेलिग्रामवर टिप्स देणाऱ्या 'सरां'ना हे नियम लागू नसावेत.

कॉइनच्या भावाचं काय, असंही विचारतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९ हजार डॉलरच्या आसपास गेलेला बिटकॉइन वर्षभरात १६ हजारांच्या खाली आला होता. आमच्याकडे हळदीचा दर पडला तर गोदामात हळद तरी उरते. एवढं पचणार असेल तेवढेच टाका.

परवा एक जण फेरी मारून आला. हजाराचे ८४१ परत आले होते. फी गेली, भावही थोडा उतरला होता. आठ रुपयांचा टीडीएस २६एएसमध्ये, म्हणजे कापलेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, शोधायला आम्हा दोघांना अर्धा तास लागला.