जांभ्याच्या सड्यावर क्रॉस-कंट्रीचा सराव: आधी टायरमधली हवा

पॅरिस 2024 ऑलिंपिकच्या महिला क्रॉस-कंट्री माउंटन बाइक शर्यतीत पोलीन फेराँ-प्रेव्होने जवळपास तीन मिनिटांच्या फरकाने सुवर्ण नेलं. रौप्याच्या जागेवर धावणारी पुक पीटरसे मात्र पंक्चर झाली आणि चौथी आली. म्हणून गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या सायकलपटू मुलींनी सरावाचा पहिला तास पंपापाशी घालवावा.

सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या पठारावर, खाली धारदार कातळ आणि वर सुटे गोल खडे, म्हणजे फरशीवर वाटाणे सांडल्यासारखं. दुकानातून येणाऱ्या 40 पीएसआयवर टायर या खड्यांवर नुसतं तरंगतं, वळणावर पुढचं चाक सटकतं. वजन 55 किलोच्या आसपास असेल तर 29 इंची, 2.35 इंच रुंदीच्या ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरमध्ये पुढे 18, मागे 20 भरा. रिम कातळावर टण् वाजली किंवा वळणात टायर मुडपतंय असं वाटलं, की 1 वाढवा. हवा गेजनेच मोजा, अंगठ्याने दाबून काही कळत नाही. पहाटे भरलेली हवा दुपारच्या उन्हात साधारण 1 पीएसआय चढते, तेही धरा.

सीलंट, म्हणजे टायरमधली भोकं आतून बुजवणारा द्रव, दर चाकात 100 मिली. आपल्या उकाड्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं. चाक हलवून खळखळ ऐका. टायरची बाजू कापली गेली तर सीलंटचं काही चालत नाही, म्हणून प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) आधीच सुईत ओवून ठेवा.

100 मिमी दबणारा फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन), भरलेल्या बाटलीसकट सायकलवर उभं राहिल्यावर, 18-20 मिमी दबायला हवा. हलक्या रायडरसाठी फोर्कमधली हवा कमी केली की रिबाउंडही, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेगही, वाढवावा लागतो, नाहीतर ओळीने आलेल्या दगडांवर फोर्क वर यायच्या आतच पुढचा फटका बसतो. ब्रेकची लिव्हर एका बोटाने सहज पकडता येईल इतकी जवळ घ्या. ब्रेक वळणाआधी, खडे नसलेल्या कातळावर. खड्यांत दाबला की घसरलातच.

फेरी 4 ते 6 किलोमीटरची आखा, शर्यत 80 ते 100 मिनिटांची धरा. लिटरभर पाण्यात 60 ग्रॅम साखर, पाव चहाचा चमचा मीठ, चवीला कोकम आगळ. तासाला साधारण तेवढं संपवा. बाटली चालत्या सायकलवरून घ्यायचा सराव दोघींनी मिळून करा. पॅरिसला रौप्य जिंकलेल्या हेली बॅटनला फीड झोनमधून (बाटली-खाणं घ्यायच्या मार्गिकेतून) काहीही न घेता गेल्याबद्दल दंड झाला होता. ती मार्गिका ओव्हरटेकिंगसाठी नाही!

पावसाळ्यात तांबड्या चिखलात रेझिनचे ब्रेक पॅड लवकर झिजतात. तेव्हा सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) लावा. फक्त ब्रेकच्या डिस्कवर ते चालतील असं लिहिलंय का, ते आधी बघा. स्वस्त डिस्कवर बऱ्याचदा रेझिनच चालतात.