क्रूझची केबिन घेताना तिच्या वर काय आहे ते बघा

बाल्कनीची महागडी केबिन घेतली तरी वरच्या डेकवर पूल किंवा जेवणाचा हॉल असेल, तर पहाटेच खुर्च्या ओढल्याचे आवाज सुरू होतात. म्हणून पैसे भरण्याआधी:

१. कंपनीच्या साइटवर जहाजाचा डेक प्लॅन, म्हणजे कुठल्या मजल्यावर काय आहे त्याचा नकाशा, उघडा.
२. आपल्या केबिनच्या बरोबर वर आणि खाली काय आहे ते पाहा. दोन्हीकडे केबिनच असतील तर बिनधास्त घ्या. लिफ्टला चिकटून मात्र नको.
३. बोट लागत असेल, तर जहाजाच्या मधली, खालच्या डेकवरची निवडा. तिथे हेलकावे सर्वांत कमी. माझ्या मते बाल्कनीपेक्षा हे मोलाचं.

‘गॅरंटी’ केबिन (आपण फक्त प्रकार निवडायचा) स्वस्त पडते, पण नंबर कंपनी ठरवते, म्हणजे वर काय येईल ते आपल्या हातात नाही.

पुण्यात राहत असाल आणि मुंबईहून बसणार असाल, तर आदल्या दिवशीच निघा. बोरघाटात तासन् तास अडकायला होतं आणि बंदरावरचं चेक-इन जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं.