घरी अंडी उबवताय? सातव्या रात्री अंडं उजेडावर धरून पाहा

खानदेशात अंडी वाया जातात ती बहुतेक उबवायला ठेवायच्या आधीच. मला हे कळलं ते एका वैशाखात. पत्र्याच्या खोलीत आठ दिवस जमवलेली बारा अंडी कोंबडीखाली ठेवली. सातव्या रात्री टॉर्चवर धरली, तर सात अंड्यांत रक्ताचं कडं, म्हणजे आतला जीव मेलेला! कोंबडी बिचारी जागची हलली नव्हती. चूक साठवणीत होती.

अंड्यातला जीव साधारण २१ अंशांच्या वर हळूहळू वाढायला लागतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, तेव्हा तो टोपलीतच अर्धवट वाढतो आणि दगावतो. म्हणून अंडी सकाळ-संध्याकाळ गोळा करा आणि धाब्याच्या (मातीच्या छपराच्या) घरातल्या आतल्या खोलीत, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात, निमुळतं टोक खाली करून ठेवा. सात दिवसांच्या वर साठवू नका. धुऊ तर अजिबात नका, कवचावरचं संरक्षक आवरण निघून जातं. अंडी बाहेरून आणायची तर कोंबड्या निरोगी आहेत ना, हे डोळ्यांनी पाहून आणा. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लूनं काय झालं ते आपण विसरलेलो नाही. माझ्या मते दिवाळी ते होळी हाच उबवणीचा खरा हंगाम.

खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली कोंबडी असेल तर उबवणीच्या मशीनच्या भानगडीत पडू नका. टोपलीत खाली राख टाका म्हणजे उवा कमी होतात, वर दादर ज्वारीचा बारीक कडबा आणि त्यावर दहा-बारा अंडी.

मशीन असेल तर पंखेवाल्यात ३७.५ अंश ठेवा. पंखा नसेल तर अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.५ च्या आसपास. पाण्याची वाटी ठेवून आर्द्रता ५०-५५ टक्के राखा. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. लाइट गेली तर झाकण उघडू नका, वरून गोधडी टाका. थोडा वेळ थंडावा अंडं सोसतं. उष्णता मात्र सोसत नाही. मशीन फक्त तापवू शकतं, गार करू शकत नाही. खोलीच ४२ अंशांवर असेल तर आतली अंडी काही तासांत मरतात. मशीन घरातल्या सगळ्यात गार खोलीतच हवं.

आता तपासणी. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्याएवढं भोक पाडा, खालून मोबाइलची टॉर्च लावा, खोलीत अंधार करा. हात धुऊन अंड्याची रुंद बाजू भोकावर टेकवा. जिवंत अंड्यात लाल शिरांचं कोळ्याच्या जाळ्यासारखं जाळं दिसतं, मधोमध काळा ठिपका, आणि जरा थांबलात तर तो हलतो. नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसलं तर अंडं फोल, त्यात जीव धरलाच नाही. फोल फार निघाली तर कोंबड्याकडे बघा. दहा माद्यांमागे एक तरी कोंबडा हवा. रक्ताचं कडं असेल तर जीव धरला होता पण मेला, म्हणजे दोष साठवणीत किंवा तापमानात. अशी अंडी लगेच काढा, नाहीतर सडून फुटतात आणि शेजारची बिघडवतात. तपकिरी कवचातलं नीट दिसत नाही. शंका असेल तर पेन्सिलीनं खूण करून तीन दिवसांनी पुन्हा बघा.

चौदाव्या दिवशी अंडं बरंचसं काळं दिसतं, रुंद बाजूची हवेची पोकळी वाढलेली असते. अठराव्या दिवशी शेवटचं बघा. मशीनमधली अंडी फिरवणं तिथून बंद, आर्द्रता ६५-७० टक्के.

एकविसाव्या दिवशी कवचाला टोचा पडला की हात आवरा. बाहेर यायला बारा ते चोवीस तास लागतात. ओढून काढलेल्या पिलाला रक्तस्राव होतो. पोटातल्या बलकावर पिलू दोन दिवस तग धरतं, म्हणून अंग पूर्ण सुकल्यावरच बाहेर घ्या. पहिला आठवडा बल्बखाली ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंश कमी. पिलं बल्बखाली गोळा झाली तर त्यांना थंडी वाजतेय. चोच उघडून कडेला पळाली तर बल्ब वर ओढा.