पोळ्यात जोडी नंबरात आणायची तं साज कसा चढवायचा

पोळ्याले आता लय गावांत सजावटीचे नंबर काढतेत, आन् दरसाली तेच दिसते, बाजारातून आणलेलं सगळं बैलावर लादलं की बैल दिसतच नाई, निस्ती झूल चालत येते. पाहणारा जुना शेतकरी असला तं तो आधी झूल वर करून खांदा, पाठ, खूर पाह्यते राजेहो, म्हणून आधी बैल मंग साज.

आदल्या संध्याकाळी खांदशेकणीले पळसाच्या पानानं कोमट तूप-हळद चोळता ना, "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या" म्हणता ना, तवाच खांद्यावर बोटं फिरवून पहा, सूज किंवा गाठ लागली तं डॉक्टरले दाखवा, झुलीखाली लपवू नका.

धुणं सकाळीच. गवळाऊ जातीसारखा पांढरा बैल असला तं मांड्यांवर शेणा-मुताचे पिवळे डाग बसलेले असतेत, ते एका धुण्यात निघत नाईत, दोन दिवस आधीपासून घासा लागते. शेपटीचा गोंडा सोडवून इंचरा. आन् एक गोष्ट, कपाशीवर फवारणी चालू असते या दिवसांत, तो फवारणीचा ड्रम धुऊन जरी घेतला तरी बैल धुवायले वापरू नका, औषध कातडीतून आत जाते.

शिंगं तासायची तं वरवर, खडबडीत तेवढंच. शिंगाच्या आतल्या हाडात रक्त असते, बुडाशी जास्त खरडलं तं रक्त येते, मंग माशा. रंग अमावस्येच्या दोन दिवस आधी लावा, पावसाळी हवेत ऑईल पेंट लवकर वाळत नाई आन् जोडीतला दुसरा बैल चाटते, काई पेंटात शिसं असते, ते पोटात गेलं तं जनावर आंधळं सुद्धा होते. मी तं निस्तं बेगड, म्हणजे चकचकीत रंगीत कागदच बरं म्हणतो, वरून शिंगाच्या टोकाले पितळी शेंब्या. अंगावर गेरूचे ठिपके पुरे, पांढऱ्या बैलावर ऑईल पेंटानं नावं कायले लिहायची!

आता साज. दोघायले सारखाच, एकाले नवी झूल आन् दुसऱ्याले काकाची जुनी, असं केलं की जोडी फुटलेली दिसते. झूल गुडघ्याच्या वरच राहू द्या, पायात आली की बैल अडखळते, आन् पाऊस आला तं वल्ली झूल लय जड होते, म्हणून हलकीच घ्या. घुंगरमाळेत दोन बोटं सहज गेली पायजे. बाशिंग कपाळावर घट्ट बसवा पण गोंडे डोळ्यावर लोंबू देऊ नका, डीजे आन् फटाक्यात बैल आधीच बुजलेला असते, त्यात दिसलं नाई तं तोरणाखालून गर्दीत घुसते.

वेसण बदलायची तं आठ-पंधरा दिवस आधी, आन् सुतीच घाला, नायलॉनची नाक कापते. सकाळी नवी वेसण घालून दुपारी आखरावर, म्हणजे पोळा भरते त्या मोकळ्या जागेवर नेलं तं बैल मान झटकतच राह्यते, नंबर गेलाच समजा. पूर्ण साज चढवून एकदा घरच्या अंगणात फिरवून पहा, काय सुटते, काय घासते ते तिथंच कळते.

संध्याकाळी घरोघरी पूजा होते, प्रत्येक घरी पुरणपोळी चारतेत. घास-घासच द्या, एकदम लय गोड-धान्य पोटात गेलं तं पोटात आंबते, बैल रवंथ बंद करते, पोट फुगते. तसं दिसलं तं सकाळची वाट न पाहता डॉक्टरले फोन करा.