सोलापूरच्या उन्हात गाडीची बॅटरी कशी जपावी
मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बॉनेटखालची बॅटरी त्याहूनही अधिक तापते. त्या उष्णतेने आतील पाणी उडते, प्लेटा गंजतात आणि बिघाड पुष्कळदा थंडीतच उघडकीस येत असल्यामुळे दोष बिचाऱ्या थंडीला दिला जातो.

तपासणीसाठी गाडी रात्रभर उभी ठेवावी आणि सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी बॅटरीला मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचे यंत्र) लावावा. सुमारे १२.६ व्होल्ट दिसल्यास बॅटरी पूर्ण भरलेली समजावी, १२.४ च्या खाली असल्यास चार्ज करून घ्यावी. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळत नसतील, तर नवी बॅटरी घेण्याआधी अल्टरनेटर (इंजिनवर चालून बॅटरी भरणारे यंत्र) दाखवून घ्यावा. मी हे केले नाही आणि नवी कोरी बॅटरी आठवड्यात बसली.

टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर साचला असल्यास, इंजिन बंद करून, आधी ऋण व मग धन टोकाची वायर सोडवावी, खाण्याच्या सोड्याचे पाणी जुन्या टूथब्रशने फेस थांबेपर्यंत चोळावे, कोरडे पुसावे आणि वायर उलट क्रमाने जोडून वरून व्हॅसलिनचा पातळ हात द्यावा. झाकणे उघडणाऱ्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, नळाचे कधीही नाही.

शहरातल्या सात रस्ता ते नवी पेठ एवढ्याच छोट्या फेऱ्या होत असतील, तर स्टार्टरने ओढलेली वीज भरून निघत नाही; आठवड्यातून एकदा गाडी होटगी रस्त्याने अर्धा तास सलग चालवावी आणि परतल्यावर कडुनिंबाच्या सावलीत लावावी.