गवत कापताना रेस किती ठेवायची?

स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागचं फिरत्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र, पहिल्यांदा जोडला तेव्हा मी डिझेल वाचवायच्या नादात होतो. हातरेस निम्म्यावर, गिअर वरचा, ट्रॅक्टर मस्त पळत होता. मागं वळून पाहिलं तर गवत कापलेलं कमी आणि झोपलेलं जास्त. दोन दिवसांत ते पुन्हा उभं राहिलं आणि त्याच रानात मला दुसऱ्यांदा फिरावं लागलं. वाचवलेलं डिझेल तिथंच गेलं.

गफलत एवढीच, की ट्रॅक्टर किती जोरात चालवायचा हे मी रेसवर ठरवत होतो. रेस पात्यांसाठी. चाकांसाठी गिअर आहेत.

बहुतेक स्लॅशर पीटीओच्या (ट्रॅक्टरमागचा, यंत्र फिरवणारा दांडा) मिनिटाला 540 फेऱ्यांवर बेतलेले असतात. इंजिनच्या कोणत्या आरपीएमला त्या 540 मिळतात हे ट्रॅक्टरागणिक बदलतं. मीटरवर खूण असते, नाहीतर मॅन्युअलमध्ये आकडा असतो. दुसऱ्याच्या ट्रॅक्टरचा आकडा आपल्याला लावू नका. समजा तुमच्याकडे 1800 ला 540 मिळतात. मग 1500 वर पीटीओ 450 च फिरणार. फरक सहाव्या हिश्श्याचा वाटतो, पण पात्यातली ताकद वेगाच्या वर्गानं घटते, म्हणजे जवळपास 30 टक्के गेली. आणि स्लॅशरमध्ये गवताला पलीकडून धरून ठेवणारं काहीच नसतं, ते निव्वळ फटक्यानं तुटतं. फटका कमी पडला की गवत वाकतं, शेंडे फाटतात.

कात्रीसारखी पुढंमागं सरकणारी पाती असतील तर कमी रेस थोडी खपते, पण जास्त रेस अजिबात नको. सगळा सांगाडा थरथरतो.

सुरुवात अशी करा: इंजिन जवळपास आयडलवर ठेवून पीटीओ लावा. पूर्ण रेसवर लावलात तर शिअर बोल्ट (जास्त जोर आला की यंत्र वाचवायला आधी तुटणारा बोल्ट) गेलाच म्हणून समजा. पाती फिरू लागली की हातरेस हळूहळू खुणेपर्यंत न्या, आवाज स्थिर झाला की मगच गवतात शिरा, तेही लो गिअरमध्ये. दहावीस पावलं कापून, पीटीओ काढून, पाती थांबली की उतरून बघा. काप स्वच्छ असेल तर एक गिअर वर. आरपीएमचा काटा खाली बसायला लागला, आवाज जड झाला, धूर काळा झाला, तर रेस वाढवत बसू नका, गिअर उतरवा. लो गिअरमध्येही इंजिन दबत असेल तर स्लॅशर उचलून उंच काप घ्या आणि दुसऱ्या फेरीत खाली आणा. अर्ध्या रुंदीत घेतलं तरी चालतं.

ट्रॅक्टरला पीटीओचा 540 इकॉनॉमी हा पर्याय असेल तर त्यात इंजिन कमी फिरवून 540 मिळतात. विरळ, कोवळ्या गवताला ते उत्तम. दाट, चिवट गवतात मात्र कमी आरपीएमला इंजिनची ताकद पुरत नाही, तिथं साधं 540 च घ्या. 540 चं यंत्र 1000 च्या पीटीओवर मात्र कधीच नको: पात्यातली ताकद सव्वातीन पटीहून जास्त होते, आणि सुटलेलं पातं कुणाकडं जाईल सांगता येत नाही.

थांबताना आधी रेस उतरवा, मग पीटीओ काढा, आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत खाली उतरू नका. जुन्या सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरवर आणखी एक गंमत असते. क्लच दाबला तरी फिरती पाती गिअरबॉक्सला ढकलतात आणि ट्रॅक्टर पुढं सरकतच राहतो. मी एकदा असाच बांधावर चढलो. दुसऱ्या दिवशी पीटीओला ओव्हररनिंग क्लच बसवून घेतला, म्हणजे पाती फिरत राहिली तरी गिअरबॉक्सला ढकलत नाहीत.